गोदाबाईच्या चार तिनोळ्या

महिन्यातले किती दिवस तुम्ही माणसांत धरले जाता? हसू नका, नीट विचार करून सांगा. पुरुष असाल तर म्हणाल, हा काय प्रश्न झाला, तीसच्या तीस. बाई असाल तर खरं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे, आणि घरात कुणी ऐकत नसलं तरच तुम्ही ते द्याल. बऱ्हाणपुरात शनवाऱ्याच्या वेशीआत राहणाऱ्या गोदाबाई चौधरीनं ते भर देवळाच्या ओसरीत, बसल्या पुरुषांच्या तोंडावर दिलं.

गोदाबाई मूळची डोईफोडिया गावची. घरामागं शेत, शेतामागं रान. तिच्या लहानपणी तिथं शाळा कसली, आणि असती तरी पोरीला कोण पाठवणार होतं. चौदाव्या वर्षी लग्न होऊन ती शहरात आली. नवरा दिगंबर कापडाच्या एका पेढीवर कारकून. माणूस फार भिडस्त. कुणी जरा मोठ्यानं बोललं की हा आधीच 'चुकलं' म्हणून मोकळा व्हायचा. पेढीवर थानांना, म्हणजे कापडाच्या ताग्यांना, चिकटवायच्या चिठ्ठ्या असत, तळहाताएवढ्या. लिहिताना बिघडलेल्या चिठ्ठ्या तो चूल पेटवायला घरी आणी. गोदाबाईनं त्या चुलीत घातल्या नाहीत. एकेक चिठ्ठी पुढ्यात धरून ती नवऱ्याला विचारी, हे अक्षर कोणतं, ते कोणतं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतःहून वाचलेले शब्द होते 'पक्का रंग'. सहा महिन्यांत ती चिठ्ठीच्या कोऱ्या पाठीवर लिहायला लागली. तिथं तीन ओळींपलीकडं जागाच नसे, म्हणून ती तीन ओळींतच लिहायची. कुणाची गाय व्याली, कुणाच्या घरी काय करपलं, आणि मधेच असं काहीतरी, की दिगंबर ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाची.

१९३४ साली वैशाख अधिक आला. अधिकात लोक नेम धरतात. कुणी महिनाभर पहाटे तापीवर आंघोळीला जातं, कुणी एकवेळ जेवतं, कुणी जावयाला बोलावून अनारशांचं वाण देतं. त्या वर्षी शनवाऱ्यातल्या एका वाचनालयानं नवाच नेम काढला. हे वाचनालय देवळाच्या ओसरीत भरे. देवळाचं नाव घेत नाही, देवाचा ह्यात काही गुन्हा नाही. चिटणीस होते दत्तात्रय मास्तर, पेन्शन घेतलेले हेडमास्तर. त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं, की जपानात साधी माणसंसुद्धा तीन ओळींची कविता करतात आणि डोळ्यांनी पाहिलं तेवढंच तीत लिहितात. मास्तरांना चेव आला. वेशीवर छापील जाहिरात लागली: 'नगरातील सर्व स्त्रीपुरुषांस विनंती. अधिकमासात रोज तीन ओळींची एक कविता करावी. त्या दिवशी स्वतः पाहिलेलेच लिहावे. दिवेलागणीपूर्वी ओसरीवरील पेटीत टाकावी. एकही दिवस न चुकता ज्यांचा नेम पूर्ण होईल, त्यांच्या सर्व कविता नावानिशी पुस्तकरूपाने छापल्या जातील.' लोकांनी ह्या कवितेला नाव पाडलं तिनोळी.

'सर्व स्त्रीपुरुषांस' हे शब्द गोदाबाईनं वेशीखाली उभं राहून वाचले. मग घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "माझं नाव देऊन या."

"हसतील लोक."

"हसू द्या. नावानिशी छापणार म्हणतात. तुमचं नाव निदान पेढीच्या वहीत तरी असतं. माझं कुठंच नाही."

एवढंच तिला हवं होतं. सोनं नको, लुगडं नको. पुस्तकात नाव, आणि नावाखाली तीस तिनोळ्या.

बारा जणांनी नाव दिलं. अकरा पुरुष आणि बारावी ती. रोज दिवा लागला की मास्तर पेटी उघडत आणि बाराही तिनोळ्या मोठ्यानं वाचून दाखवत. ऐकायला रस्त्यापर्यंत माणसं बसत. बायका समोरच्या ओट्यांवर. पहिल्या दिवशीची गोदाबाईची अशी होती:

वेशीची सावली
घोड्याला मिळाली
टांगेवाला उन्हात

ओसरीत हशा पिकला. निंबा टांगेवाला बाहेर उभा होता, तो म्हणाला, "माह्याच घोड्याचं हाये ते. आता त्याची ऐट वाढीन." बाकीच्यांच्या तिनोळ्यांत चंद्र, कमळ आणि राजहंस. वैशाखाच्या उन्हात बऱ्हाणपुरात राजहंस कुणी पाहिला होता ते त्यांचं त्यांना ठाऊक. वकिलाचा मुनीम वसंत ह्यानं तर कमालच केली. अधिकाचं वाण घ्यायला तो खंडव्याला सासुरवाडीस निघाला, आणि जाताना सात दिवसांच्या सात तिनोळ्या एकदम पेटीत टाकून गेला. कुणीतरी कुरकुरलं. मास्तर म्हणाले, "जावईबापू आहेत, अनारसे सोडून कसे येतील? चालायचंच."

चाललं. सोळा दिवस गोदाबाईचंही चाललं.

सतराव्या दिवशी, वद्य द्वितीयेला, ती बाहेरची झाली. म्हणजे काय ते ज्याला घर आहे त्याला सांगायला नको. चार दिवस मागल्या पडवीत चटई, ताट वेगळं, तांब्या वेगळा, कुणाला शिवायचं नाही. आणि कागदाला तर मुळीच नाही, कारण कागद म्हणजे सरस्वती. गोदाबाईनं हे सगळं पाळलं. ती बंड करायला निघाली नव्हती, हे नीट लक्षात घ्या, कारण पुढं लोकांनी तिला बंडखोर ठरवलं. तिला फक्त नेम मोडायचा नव्हता. ती पडवीत बसून तीन ओळी सांगे, दिगंबर उंबऱ्याच्या आत बसून लिहून घेई आणि पेटीत टाकून येई. चिठ्ठीला तिचं बोट लागलं नाही. पहिल्या दिवशी तिनं सांगितलं:

मागल्या दारी
तांब्या माझा वेगळा
पाणी तेच

त्या संध्याकाळी मास्तरांनी ही तिनोळी वाचली आणि डोळे मिटून घेतले. म्हणाले, "ऐकलंत? एका साध्या गृहिणीनं तीन ओळींत वेदान्त सांगितला. तांब्या म्हणजे देह. तो वेगळा वेगळा. पाणी म्हणजे आत्मा, तो एकच." आणि पाव घटका त्यांनी त्यावर निरूपण केलं. माना डोलल्या. दिगंबर मागं खांबाशी बसून पायाच्या अंगठ्याकडं बघत होता.

घरी येऊन त्यानं सांगितलं तेव्हा गोदाबाई पडवीत पोट धरून हसली. म्हणाली, "मास्तरांना सांगा, तांब्या पितळेचा आहे. ठोकाही गेलाय त्याला."

दुसऱ्या दिवशी तिची नऊ वर्षांची सुमन सवयीनं आईकडं झेपावली, आठवण होऊन अंगणातच थबकली, आणि तिथूनच तिनं हात पुढं केले. गोदाबाईनं जे पाहिलं ते सांगितलं:

लेक हात पसरते
मधे अंगण
ती शिवत नाही

मास्तरांनी ही तिनोळी नेहमीच्या खड्या आवाजात वाचली. वाचून झाली आणि ओसरी एकदम गार पडली. मग चुडामणशेठ, ज्यांच्या पेढीवर दिगंबर कारकून, ते हळूच म्हणाले, "म्हणजे मास्तर, कालचा तो तांब्या..." पुढं बोलायची गरजच नव्हती. कुणीतरी नाकातून हसलं. समोरच्या ओट्यावर बायकांनी पदर तोंडाला लावले.

आता ह्यात मास्तरांना राग कशाचा आला? विटाळाचा? लोक तसं म्हणतात. खरं सांगायचं तर त्यांच्या आत्म्याचा पितळेचा तांब्या झाला, त्याचा राग होता. पण तसं म्हणता येईना, म्हणून शास्त्र निघालं. पेटीवर गोमूत्र शिंपडलं. चिठ्ठी चिमट्यात धरून दिगंबरच्या पुढ्यात टाकली. वहीत गोदाबाईच्या नावापुढं लिहिलं: नेम खंडित.

दिगंबर घरी आला तो रडवेला. "जाऊ दे आता. शेठ तिथंच बसले होते. माझी नोकरी त्यांच्या हातात आहे."

"तुमच्या नोकरीला माझ्या तीन ओळी काय करतात?"

"लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणून झालं लोकांचं. अजून दोन दिवस आहेत. लिहा."

त्यानं लिहिलं. तिसऱ्या दिवशी ओसरीवर गेला तर पेटी उचलून आत देवाजवळ नेऊन ठेवलेली. मग त्यानं चिठ्ठी पायरीवर ठेवली, वर एक दगड ठेवला आणि मागं न बघता निघून आला. जन्मभरात कुणाला न विचारता त्यानं केलेलं हे पहिलं काम. चौथ्या दिवशीही तसंच केलं. दगडाखालच्या त्या दोन तिनोळ्या कुणी वाचल्या नाहीत. त्या ह्या:

ताट मीच घासलं
मीच पालथं घातलं
ऊन त्याच्यावर

आणि

चार दिवस झाले
उंबरा तिथंच
मी ह्या बाजूला

षष्ठीला गोदाबाई न्हाली, धुतलेलं लुगडं नेसली आणि दिवेलागणीला जाऊन उभी राहिली. पायरीवर नाही, ओसरीत.

मास्तर म्हणाले, "वहिनी, इथं बायकांच्या बसण्याची सोय नाही."

"बसायला नाही आले. विचारायला आले. माझा नेम कोणत्या दिवशी मोडला?"

"हे चारचौघांत बोलायचं नसतं."

"वहीत लिहिलं ते चारचौघांतच लिहिलं न? मग सांगा. कोणत्या दिवशी माझी चिठ्ठी आली नाही?"

"चिठ्ठी आली. पण ती शुद्ध नव्हती."

"कागद पेढीचा, शाई पेढीची, हात ह्यांचा. मी शिवले नाही."

मास्तर म्हणाले, "शब्द तर तुमचेच होते."

"असं? मग शब्दालाही विटाळ होतो म्हणता. माझे ते शब्द तुम्ही तोंडात घेतले, पाव घटका घोळवले. त्या दिवशी घरी जाऊन आंघोळ केली का तुम्ही?"

मागं कुणीतरी खाकरलं. मास्तरांचे कान लाल झाले. ते म्हणाले, "अधिकातला नेम म्हणजे पोरखेळ नाही. त्यात खंड पडून चालत नाही."

गोदाबाई वसंताकडं वळली. वसंत कालच खंडव्याहून परतला होता. "तुम्ही सात दिवस नव्हते न भाऊ? सात तिनोळ्या आधीच टाकून गेले. पुढच्या मंगळवारी काय दिसणार हे तुम्हाला आधीच कसं दिसलं?"

वसंत म्हणाला, "मी तर... मास्तरांनीच सांगितलं, चालते."

"तो विषय वेगळा," मास्तर म्हणाले.

"तांब्यासारखा?"

आता ओसरी हसली, उघड हसली. शेठसुद्धा. पण गोदाबाई हसत नव्हती. तिचा आवाज चढला होता. "तुम्ही वेशीवर छापून लावलं, सर्व स्त्रीपुरुषांस. तीस दिवस न चुकता. छापताना ठाऊक नव्हतं, की बाई चार दिवस बाहेर बसते? तुमच्या घरात बाया नाहीत? मग बायांना बोलावलंच कशाला? सव्वीस दिवसांची माणसं आम्ही, तीस दिवसांच्या पंगतीला बोलावून चार दिवसांसाठी उठवून लावायला? मी बाहेर असते, मास्तर. बाहेर असते, मेलेली नसते. दिसतं मला तिथून. तुम्हीच म्हटलं, पाहिलं ते लिहा. मी पाहिलं ते लिहिलं."

मग मास्तरांनी आवाज खाली आणला. ह्या आवाजाला जपून असावं; रागावलेल्या मास्तरांपेक्षा हे मऊ झालेले मास्तर जास्त घातकी. म्हणाले, "वहिनी, तुमचा हात चांगला आहे, मी नाकारत नाही. तोड काढू. त्या चार दिवसांच्या जागी दुसऱ्या चार लिहून द्या. निसर्गावर लिहा, देवावर लिहा. अमावास्येपर्यंत द्या. वहीतला शेरा मी खोडतो. पुस्तकात तुमचं नाव, तीस कविता, सगळं येईल. कुणाला कळणारही नाही."

दिगंबर खांबामागून म्हणाला, "बरं आहे, मास्तर. देईल ती."

गोदाबाई वळली आणि घरी गेली.

पेटी पुन्हा बाहेर आली, आणि षष्ठी धरून पुढचे नऊ दिवस तिच्या चिठ्ठ्या तीत पडत राहिल्या आणि वाचल्याही गेल्या. एका दुपारी तिनं खरंच चार तिनोळ्या केल्या. एक मोगऱ्याची, एक तापीच्या वाळूची, दोन चांदण्याच्या. चांगल्या झाल्या. तीच पंचाईत होती. वाईट झाल्या असत्या तर फेकून देणं सोपं होतं. ती त्या घेऊन ओट्यावर बसली तेव्हा दूध-ताक विकणारी सरुबाई घागर उतरवून टेकली. सरुबाई शेजारच्या गल्लीतली, अक्षरओळख नाही, पण ओसरीतलं सगळं तिला पाठ.

"लेह्यल्या का मंग चार?" सरुबाईनं विचारलं.

"लिहिल्या."

"मंग दे टाकून. मी दुधात पाणी घालते, लोक दूधच म्हनतात. तुह्या चार ओळी बदलल्यानं कोनतं आभाळ कोसळते?"

"त्या दिवशी मी मोगरा पाहिलाच नव्हता, सरुबाई. तुमची म्हैस पाहिली होती. कुंपणातून तोंड घालत होती."

"मंग म्हशीवर लेह्य. तिचं बी नाव होईन."

गोदाबाईला हसू आलं आणि ते तिथंच विरलं. "एक सांगा. ते चार दिवस मी मागं बसले होते, ते दिसलं तुम्हाला?"

"दिसलं म्हंजे? मीच तं वरून ताक वतत होती तुह्या भांड्यात."

"उद्या कोणी तुम्हाला म्हटलं, गोदा त्या दिवशी मोगरा हुंगत फिरत होती, तर?"

सरुबाईनं घागर डोक्यावर घेतली. उभी राहिली तशी म्हणाली, "तं मी म्हनीन, खोटं बोलते तो." आणि गेली.

अमावास्येला गोदाबाई ओसरीवर गेली तेव्हा मास्तर वाटच पाहत होते. तिनं पदराच्या गाठीतून तिसाव्या दिवसाची चिठ्ठी काढून टाकली. मग आणखी चार. मास्तरांनी तिथंच त्या काढून उलगडल्या. त्याच होत्या. तांब्याची, अंगणाची, ताटाची, उंबऱ्याची. फक्त अक्षर दिगंबरचं नव्हतं. तिचं स्वतःचं होतं.

"वहिनी, मी तुम्हाला संधी दिली होती," मास्तर म्हणाले.

"मी तुम्हाला दिली," ती म्हणाली. "ह्या वेळी हातसुद्धा माझाच लागलाय. आता तुम्हाला छापायच्या तर छापा."

त्यांनी छापल्या नाहीत.

श्रावणात पुस्तक निघालं. अकरा नावं. वसंताच्या सातही तिनोळ्या, त्यांतला राजहंस धरून. शेठांचा चंद्र, मास्तरांची प्रस्तावना, तिच्यात जपानची वाखाणणी. आणि शेवटच्या पानावर तळाशी बारीक टाइपात एक ओळ: 'एका भगिनीचा नेम मधेच खंडित झाल्याने तिच्या कविता घेता आल्या नाहीत.' नाव नाही. ज्या बाईला छापील नाव हवं होतं, तिला 'एका भगिनी' केलं, आणि जिचा नेम एकही दिवस मोडला नव्हता, तिचा तो मोडला म्हणून छापून टाकलं. दिगंबरनं पुस्तक घरी आणलं. गोदाबाईनं ती ओळ वाचली आणि विचारलं, "हे किती जणांकडं गेलं?"

"तीनशे प्रती काढल्या म्हणतात."

"म्हणजे तीनशे घरांत मी खोटी," ती म्हणाली, आणि पिठाचं भांडं घेऊन चुलीपुढं बसली. त्यानंतर ती त्या ओसरीच्या पायरीवर चढली नाही.

ह्याला आता सात वर्षं होत आली. मास्तर वारले, मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात, पण त्यांची ओळ मेली नाही, म्हणून बोलावं लागतं. गोदाबाई आहे. अजून चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहिते, बाहेरची असली तरी लिहिते, आता स्वतःच्या हातानं. सुमन सोळा वर्षांची झाली, ती त्या चार दिवसांत आईजवळ बसते. शेजाऱ्यांना ते खपत नाही. न खपो. पण पुस्तकाचं काय? चांगल्या चांगल्या घरांत ते कपाटात नीट ठेवलेलं आहे, आणि पाहुण्यांना कौतुकानं दाखवतात, की आमच्या बऱ्हाणपुरात असा उपक्रम झाला होता. उपक्रम झाला, खरं आहे. बारा जणांनी नाव दिलं आणि तीसच्या तीस दिवस डोळ्यांनी पाहून लिहिणारी त्यांत एकच होती. तिलाच वगळलं.

तर आता हे वाचून नुसतं हळहळू नका. निळ्या पुठ्ठ्याचं ते पुस्तक तुमच्या घरी असेल, तुमच्या सासऱ्यांच्या, मामांच्या घरी असेल, तर बाहेर काढा. शेवटच्या पानावरची ती ओळ शाईनं खोडा. तिच्याखाली वर दिलेल्या चारही तिनोळ्या उतरवा, आणि खाली पुरं नाव लिहा: गोदाबाई दिगंबर चौधरी, शनवारा. अक्षर वाईट असलं तरी चालेल. आणि त्या दिवशी तुमच्या घरातली एखादी बाई मागल्या पडवीत बसलेली असेल, तर लिहायचा टाक तिच्याच हाती द्या.